इंजिनाचा आवाज दारातून येतो तेव्हा

गेल्या वर्षी मी एक जुनी, पण चांगल्या स्थितीतली टर्बो पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. गाडीत ‘स्पोर्ट’ नावाचा मोड होता आणि तो लावला की एरवी शांत असणारे इंजिन एकदम घुमू लागे. हा घुमणारा आवाज मला मनापासून आवडत होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

दिवाळीनंतर बीडहून लातूरला परतताना मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. शेजारी वडील बसले होते. त्यांनी एकतीस वर्षे एस.टी. चालवली. त्या काळच्या गाड्यांत इंजिन चालकाच्या डाव्या हाताला, झाकणाखाली असे, आणि डॅशबोर्डावरचे काटे बहुधा बंदच असत. त्यामुळे गिअर कधी पाडायचा, हे कानानेच ठरे. घाटात मी स्पोर्ट मोड लावला. वडिलांनी थोडा वेळ ऐकले, मग दाराच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “आवाज दारातून यायलाय की रे. इंजिन तर पुढं हाय.”

मीही हात लावून पाहिला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जाळी थरथरत होती आणि सोडला की थांबत होती. गाणी बंद होती.

घरी आल्यावर या विषयाचे मिळेल ते वाचले. यात गुपित असे काही नाही. २०११ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एम५ गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला जात होता आणि त्यावर शौकिनांनी भरपूर टीकाही केली होती. फोर्डने मस्टँगच्या चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनासाठी हेच केले. फोक्सवॅगनने तर पुढच्या काचेच्या खालच्या बाजूला एक लहानसे कंपन करणारे यंत्रच बसवले. त्याला ‘साउंडॅक्टर’ म्हणतात आणि त्याची पिन काढली की ते गप्प होते.

कंपन्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, इंजिने लहान झाली आणि त्यांना टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, जोडला गेला. टर्बोची चकती फिरते ती सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर, त्यामुळे त्या वायूच्या ठोक्यांतला दम वाटेतच खर्च होतो. त्यात दुपदरी काचा आणि जाड इन्सुलेशन. ग्राहकाने पैसे मोजले शक्तीचे, आणि ती शक्ती कानाला कळेना. शिवाय आवाज घडवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेरीत दोन स्फोट होतात, म्हणजे ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेऱ्या) सेकंदाला शंभर. तीन सिलिंडरमध्ये तेच पंचाहत्तर, आठ सिलिंडरमध्ये दोनशे. आरपीएम आणि अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती गाडीच्या संगणकाला सतत कळत असतेच. ती माहिती अ‍ॅम्प्लिफायरला दिली की तीन सिलिंडरच्या इंजिनालाही आठ सिलिंडरचा गळा देता येतो.

माझा आक्षेप इथेच आहे. इंजिनाचा आवाज म्हणजे शोभा नव्हे, ती त्या यंत्राची साक्ष असते. आमच्या लातुरातले जुने मिस्त्री अजूनही लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि टॅपेट वाजतोय की बेअरिंग गेले, ते सांगतात. संगणकाने वाजवलेला आवाज आरपीएम किती हे सांगेल. क्लिप सैल झाली, पट्टा घासतोय, एखादा सिलिंडर चुकतोय, यातले काहीही त्याला माहीत नसते. तो नेहमी निरोगी इंजिनाचाच आवाज काढतो.

हे मला अनुभवाने कळले. आवाज बंद करायचा म्हणून आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या तरुणाने अत्यंत अदबीने, “सर, ते फीचर आहे, बंद होत नाही,” असे सांगितले. मग औसा रोडच्या एका छोट्या गॅरेजमध्ये स्कॅनर जोडून गाडीच्या संगणकातली त्या आवाजाची पातळी शून्य करण्यात आली. दहा मिनिटांचे काम. त्याच संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर जोर दिला, तर बॉनेटखालून बारीक ‘फुस्स’ ऐकू आले. टर्बोच्या होज पाइपची क्लिप ढिली होती आणि दाबाखालची हवा निसटत होती. गेले काही महिने अ‍ॅव्हरेज का घटले, हे कोडे तेव्हा सुटले. स्पोर्ट मोडच्या गर्जनेत तो फुसकारा कधी ऐकूच आला नव्हता.

ज्यांना हे करायचे असेल त्यांनी आधी स्क्रीनवरचा मेनू नीट चाळावा. पुष्कळ गाड्यांत स्वतःचा मोड ठरवता येतो आणि त्यात इंजिनाचा आवाज वेगळा कमी करता येतो. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज मात्र काढू नये, कारण गाण्यांबरोबर इशाऱ्यांचे आवाजही जाण्याची शक्यता असते. वॉरंटी चालू असेल तर संगणकातल्या कोडिंगला हात लावण्यापूर्वी विचारून घ्यावे.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. विजेवरच्या गाड्या कमी वेगात बाहेरच्या बाजूला जो आवाज करतात, तो वेगळा. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेवरच्या आणि हायब्रिड गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत तो सक्तीचा आहे, कारण अंध माणसाला आणि रस्त्यावरच्या मुलाला गाडी आल्याचे कळले पाहिजे. आमच्याकडे रात्रीच्या बैलगाडीला घुंगरमाळ असे, त्यातलाच हा प्रकार. तो कोणी बंद करू नये.

विजेवरच्या गाडीत आतल्या माणसाच्या हौसेसाठी वाजणाऱ्या आवाजालाही माझी फारशी हरकत नाही. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या गाडीत नसलेल्या इंजिनाचा आवाज आणि नसलेले गिअरसुद्धा आहेत. पण तिथे इंजिन नाही हे घेणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो उघड खेळ ठरतो. ज्या गाडीत खरे इंजिन आहे, तिथे त्याच्या तोंडावर हात ठेवून दुसऱ्याने बोलायचे, हे मला पटत नाही. निदान बंद करण्याचे बटण पहिल्या पानावर हवे, आणि विकताना तोंडाने सांगितले पाहिजे. माझ्या भाच्याला तो आवाज हवासा वाटतो, त्याने खुशाल चालू ठेवावा.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने आलो. नेकनूर ओलांडल्यावर वडिलांनी मला गाडी न्यूट्रलला टाकायला सांगितली. इंजिन मंदावले, पण एक बारीक गुणगुण तशीच राहिली आणि वेग उतरला तशी उतरली. “मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग,” ते म्हणाले. सोमवारी गाडी गॅरेजला न्यायची आहे.