२२ क्रेडिट, ट्यूशन आणि सोयाबीनच्या गाठी : मॅडमच्या प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते पण डोक्यात राग होता, म्हणून ठेवून दिलं, आज शांतपणे लिहितेय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या सेमिस्टरचं माझं टाइमटेबल टाकलं होतं, कॉलेज, संध्याकाळच्या ट्यूशन आणि प्रोजेक्ट हे तिन्ही कसं बसवलं ते. त्यावर मॅडमनी लिहिलं की त्या बावीस वर्षं शिकवतायत, असली टाइमटेबलं बघून पोरं तसंच करायला जातात आणि दिवाळीपर्यंत आजारी पडतात, जे मागे पडले ते काही ब्लॉग लिहीत नाहीत, आणि पीजी करताना नोकरी करूच नये, दोन वर्षं घरच्यांनी कसंही करून ओढावं. शेवटचं वाक्य होतं, "मुलांना मरायला शिकवू नका." ते फार लागलं.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. मी फक्त तिसरं सेमिस्टर दाखवलं, जे जमलं ते. दुसरं सेमिस्टर लेखात कुठेच नव्हतं, आणि ते नसल्यामुळे लेख खोटा नाही पण अर्धा झाला. दुसऱ्या सेमिस्टरला मी एका रक्ततपासणीच्या कलेक्शन सेंटरवर लागले होते, दुपारी ४ ते रात्री ११, आठवड्यातून सहा दिवस. वाटलं आपल्याच लाइनचं काम आहे, अनुभवही मिळेल. प्रत्यक्षात सॅम्पलवर बारकोड लावायचे, पावत्या फाडायच्या आणि रिपोर्ट नाही आला म्हणून लोकांचं बोलणं खायचं. दुपारच्या बॅचचं प्रॅक्टिकल बुडायला लागलं, अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेला, त्यातच टायफॉइड झाला, आणि एक विषय राहिला. तो नंतर काढला. पण त्या चार महिन्यांत मी रोज पाच तास झोपत होते आणि तरी कुठेच पुरी पडत नव्हते. हे मी लिहायला हवं होतं. लेखात आता सगळ्यात वर तेच टाकलंय.

पण "नोकरी करूच नये" हे मात्र मला पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगते, कारण असं मत असलेल्या तुम्ही एकट्या नाही.

घरी तीन एकर कोरडवाहू. सोयाबीन निघतं दिवाळीच्या आसपास, पैसा येतो तो तेव्हाच, आणि त्यातून आधी दुकानदाराची बियाण्या-खताची उधारी जाते. पुण्यात कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याच्या १ तारखेला लागतात. स्कॉलरशिप मंजूर होती, पण ती जमा झाली तेव्हा वर्ष संपत आलं होतं. म्हणजे वर्षाचा हिशोब कागदावर जुळतो हो, महिन्याचा जुळत नाही. घरच्यांनी ओढायचं म्हणजे बाबांनी जूनमध्ये सावकाराकडे जायचं, आणि ते त्यांनी करू नये म्हणून तर मी काम करत होते. माझ्यासारख्यांना "काम करू नका" म्हणणं म्हणजे "एमएस्सी करू नका" म्हणण्यासारखंच आहे, तुमच्या मनात तसं नसलं तरी.

आणि शिकताना काम करणं ही आपल्याकडे काही आजची गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह, १९४७ ला तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज, आणि तिथली पोरं शेतात, बांधकामावर राबून शिकली. पण त्या ‘कमवा आणि शिका’मध्ये एक गोष्ट होती जी आपण विसरतो, काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. पोराला कधी तास आहे आणि कधी खोरं हातात घ्यायचंय हे ठरवणारे लोक तेच. मी बीएस्सीला असताना त्याच योजनेत लायब्ररीत काम केलंय, पुस्तकं लावायची, रजिस्टर भरायचं. पैसे थोडे होते पण परीक्षा आली की सर स्वतःच म्हणायचे, जा, आठवडाभर येऊ नको. कलेक्शन सेंटरवाल्याला माझी परीक्षा कधी आहे याच्याशी काय देणंघेणं? त्यामुळे प्रश्न काम करावं की नाही एवढाच नाही, ते काम कुणाच्या घड्याळावर चालतं हा आहे.

आता तासांचं बोलू, कारण तुम्ही म्हणालात २२ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ अभ्यास. मान्य, पण २२ क्रेडिट म्हणजे किती तास हे पोरांना कुणी समजावून सांगतच नाही. नवीन शैक्षणिक धोरणात दोन वर्षांच्या पीजीला ८८ क्रेडिट, सेमिस्टरला २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं आणि प्रोजेक्टचं ३० तास. माझ्याकडे तिसऱ्या सेमिस्टरला १२ थिअरीचे, ६ प्रॅक्टिकलचे आणि ४ रिसर्च प्रोजेक्टचे होते. १५ आठवड्यांत पसरलं की आठवड्याला १२ तास लेक्चर, १२ तास प्रॅक्टिकल, ८ तास प्रोजेक्ट, एकूण ३२. वाचून वाटतं अरे, बराच वेळ उरतो. इथेच सगळे फसतात, मीही फसले होते. प्रोजेक्टला आठवड्याला ८ तास कागदावर आहेत, लॅबमध्ये २० ते २२ जातात. मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, बनवायला घेतलं तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं भांडं, १२१ डिग्रीला १५-२० मिनिटंच चालवायचा असतो, पण तापायला वेळ, प्रेशर उतरायला वेळ, मग मीडिया कोमट होईपर्यंत थांबा, मग प्लेट ओता, सव्वा-दीड तास सहज जातो आणि तो कुठल्याही क्रेडिटमध्ये मोजलेला नसतो. म्हणून माझा आठवडा ३२ नाही, ४६ तासांचा होता. त्यात ट्यूशनचे १५, येण्याजाण्याचे ८-१०. झोप मी सात तास धरली होती आणि ती मोडली नाही, टायफॉइडनंतर ते ठरवूनच टाकलं होतं. आठवड्याचे १६८ तास असतात, मांडून बघा, उरतात पन्नासच्या आत आणि त्यात जेवण, कपडे, घरी फोन, आजारपण आणि सगळा अभ्यास. कुणी मला आठवड्याला २५ तासांची नोकरी दाखवली असती तर मी तेव्हा नाही म्हणाले असते, आणि हे मी प्रत्येकाला सांगते, २२ क्रेडिट आणि लॅबचा प्रोजेक्ट असेल तर १५ तासांच्या वर काम घेऊ नका. हा माझा आकडा आहे, माझ्या अंगावरून गेलेला.

ट्यूशन का निवडली तेही सांगते. नववी-दहावीची पोरं, संध्याकाळी ६ ते साडेआठ, खोलीपासून चालत दहा मिनिटं. पैसे सेंटरपेक्षा कमी मिळत होते पण तास निम्म्याहून कमी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे शाळांच्या सहामाहीनंतर दिवाळीची सुट्टी, तेव्हा क्लास बंद, आणि नेमकं तेव्हाच मला प्रोजेक्टचं काम उरकायला सलग दिवस मिळाले.

आणि आता प्रोजेक्ट, ज्याच्याबद्दल तुम्ही लिहिलंत की नोकरी करणारी पोरं रिसर्चच्या पाट्या टाकून मोकळी होतात. मला हे वाक्य सगळ्यात जास्त खटकलं, कारण माझ्या दोन वर्षांत मी ज्याच्यासाठी मनापासून झटले ते हेच होतं.

माझा आधीचा विषय वेगळा होता, ई. कोलाय या जिवाणूवर एका औषधाचा परिणाम, ग्रोथ कर्व्ह म्हणजे वाढीचा आलेख काढून. ई. कोलाय चांगल्या मीडियात ३७ डिग्रीला वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दर अर्ध्या तासाने ओडी (द्रावण किती गढूळ झालं त्याचं रीडिंग) घ्यायचा, सकाळी आठला जिवाणू मीडियात सोडला की संध्याकाळपर्यंत जागचं हलायचं नाही, एक रीडिंग चुकलं की कर्व्हला भोक पडतं. माझी लेक्चर्स आणि हा जीव एका दिवसात बसतच नव्हते. मी गाइड मॅडमना जाऊन सरळ सांगितलं की मी कामाला जाते, माझ्याकडे सलग दहा तास आठवड्यातून एकदाच आहेत, रविवारी, आणि रविवारी लॅब बंद असते. भीती वाटत होती की त्या म्हणतील मग कशाला घेतलास प्रोजेक्ट. त्या म्हणाल्या, मग हळू वाढणारं काहीतरी घे. त्या एका वाक्याने माझं वर्ष वाचलं.

घरी सोयाबीन, म्हणून सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी घेतल्या. त्यातला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू इतका सावकाश वाढतो की दुप्पट व्हायला सहा तासांहून जास्त घेतो, प्लेटवर कॉलनी दिसायला पाच ते सात दिवस. याचा ग्रोथ कर्व्ह म्हणजे सकाळी लेक्चरच्या आधी एक रीडिंग, दुपारी एक, ट्यूशनला निघायच्या आधी एक, असं आठवडाभर. ऑगस्टमध्ये पीक फुलोऱ्यात असताना गावी गेले, बाबांना सांगितलं उपटू नका, ओढलं की गाठी तुटून मातीत राहतात, तर त्यांनी खुरप्याने भोवतीची माती मोकळी करून मुळं अशी अलगद काढली की एक गाठ तुटली नाही. एक गाठ नखाने फोडून दाखवली त्यांना, आत गुलाबी लाल. म्हटलं हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा आहे, गाठ जिवंत आहे, हवेतला नायट्रोजन धरतेय. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस ती गाठ कितीतरी वेळ बघत बसला. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एसटीने पुण्याला आणल्या.

मग गाठीतला रस काँगो रेड हा रंग घातलेल्या प्लेटवर ओढला, रायझोबियम (गाठीतल्या जिवाणूंचा गट) तो रंग फारसा शोषत नाही, फिकट राहतो, सोबतचे उपटसुंभ लाल होतात. ब्रोमोथायमॉल ब्लू या दुसऱ्या रंगाच्या प्लेटवर हळू वाढणारा निळा रंग देतो आणि भरभर वाढणारा पिवळा. आठव्या दिवशी सकाळी सातला इन्क्युबेटर उघडला आणि प्लेट निळी दिसली तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते, आणि रडले. पाट्या टाकणारी पोरगी रडत नसते मॅडम.

काय सुटलं तेही लिहिते. सेमिनार सुटले, गॅदरिंग सुटलं, नेट या पात्रता परीक्षेचा अभ्यास त्या वर्षी झालाच नाही आणि त्यामुळे माझं एक वर्ष मागे पडलं. त्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली की महिन्याला ३७ हजार मिळतात, पण तिथपर्यंत पोचायची तयारी करायला जो मोकळा वेळ लागतो तो विकत घेण्याची ऐपत नसलेलीच पोरं मागे राहतात. केंद्र सरकारची इन्स्पायर ही वर्षाला ८० हजारांची स्कॉलरशिप आहे, पण ती मुख्यतः बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेल्यांना. त्याखालच्या हुशार पोरीला एमएस्सीच्या प्रोजेक्टचे सहसा कुणी पैसे देत नाही. एक वाट मला उशिरा कळली, तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून समर रिसर्च फेलोशिप असते, उन्हाळ्यात दोन महिने चांगल्या लॅबमध्ये काम आणि त्याचे पैसेही. रिसर्च आणि कमाई एकाच जागी, नेमकी सुट्टीत. ज्यांना पहिल्या वर्षाला हे माहीत होईल त्यांनी हिवाळ्यातच अर्ज भरा, मी तेव्हा पावत्या फाडत होते.

म्हणून मॅडम, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. तुमच्या वर्गात जी पोरं मागच्या बाकावर पेंगतात त्यातली दोन-तीन तरी कुठेतरी कामाला जात असतील, सांगत नसतील कारण सांगितलं की प्रोजेक्ट हलका मिळतो नाहीतर बोलणी. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना एकेकटं विचारा, कधी जातोस, किती तास. प्रॅक्टिकलची बॅच सकाळची देता आली तर द्या. प्रोजेक्टचा विषय देताना त्यांचे तास बघून द्या. आणि लॅबची किल्ली रविवारी शिपाईमामांकडे ठेवता येते का बघा, आमच्याकडे शेवटच्या सेमिस्टरला ठेवली होती आणि कामाला जाणारी आम्ही तिघं रविवारी तिथे असायचो.