शेलवाला मार्कस किनाऱ्यावर शिंपले वेचत नव्हता

घरातल्या आठवीच्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी हा फॉरवर्ड तोंडपाठ केलाय, म्हणून लिहिणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा: लंडनचा गरीब पोरगा मार्कस सॅम्युअल पाच पौंड घेऊन जपानला गेला, किनाऱ्यावर शिंपले वेचून विकले, तेलवाहू जहाजाचा शोध लावला, एकट्याने शेल ही तेल कंपनी उभी केली आणि मुंबईची रिफायनरीही त्यानेच काढली.

आधी शिंपले. शेल कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आहे की, लंडनमधल्या आपल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पूर्वेकडचे शंखशिंपले विकायला सुरुवात केली ती वडिलांनी, 1833 मध्ये. (त्यांचंही नाव मार्कसच.) आपले हे मार्कसराव जन्मले 1853 साली. धंदा चालता होता, तो त्यांना आणि त्यांच्या भावाला आयता मिळाला. कंपनीचं नाव शिंपल्यांवरून पडलं हे खरं, तेवढं मान्य.

तेलवाहू जहाज? नोबेल बंधूंचं ‘झोरोआस्टर’ 1878 पासून कास्पियनमध्ये फिरत होतं. सॅम्युअलने बांधून घेतलं ते सुवेझ कालव्याच्या सुरक्षा नियमांत बसणारं जहाज. उन्हाने रॉकेल फुगतं. टाकी काठोकाठ भरली तर सांधे सुटून गळती लागते, म्हणून फुगायला जागा ठेवलेली. तेल उतरवलं की टाक्या वाफेने धुवायच्या आणि परतीला दुसरा माल भरायचा. 24 ऑगस्ट 1892 ला त्याचं हे जहाज, ‘म्युरेक्स’, काळ्या समुद्रावरच्या बाटुम बंदरातलं रॉकेल घेऊन सुवेझमधून सिंगापूरकडे गेलं. त्याची प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनी स्टँडर्ड ऑइल मात्र पत्र्याचे दोन-दोन डबे लाकडी खोक्यात घालून पाठवत होती. पत्रा, लाकूड, अडलेली जागा, सगळ्याचा खर्च तेलावर.

आणि फजितीही इथेच झाली. सॅम्युअलला वाटलं, स्वस्त सुटं तेल घ्यायला लोक आपापली भांडी घेऊन येतील. कोणी येईना, कारण लोकांना डबाच हवा होता! स्टँडर्डच्या निळ्या डब्यांचा पत्रा छपराला लागायचा, त्याच्या बादल्या व्हायच्या. शेवटी पत्रा पूर्वेला पाठवून तिथेच डबे बनवावे लागले, लालभडक. प्रवासात खरचटून गंजलेल्या निळ्या डब्यांशेजारी हे नवेकोरे डबे उचलले गेले. हुशारी दाखवायचीच तर ही दाखवा. फॉरवर्डमध्ये डब्याचं नावही नाही.

एकट्याने वगैरे सोडाच. 1907 मध्ये शेल आणि नेदरलँड्सची तेल कंपनी रॉयल डच यांचं विलीनीकरण झालं, त्यात रॉयल डचकडे 60 टक्के गेले, शेलकडे 40, आणि सूत्रं रॉयल डचच्या हेन्री डेटरडिंगच्या हाती.

मुंबईची रिफायनरी बर्मा-शेलची, 1955 सालची. बर्मा-शेल, म्हणजे बर्मा ऑइल आणि शेल यांची भागीदारी, निघाली 1928 मध्ये. सॅम्युअल वारला जानेवारी 1927 मध्ये. मेल्यावर त्याने मुंबईत माहुलला, जिथे ही रिफायनरी आहे, येऊन काय बांधलं, ते फॉरवर्डवाल्यांनाच विचारा.