‘गोष्ट डीएमची’ हे कोणी ठरवलं?

रोलप्लेइंग खेळांच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांच्या, गप्पांमध्ये एक मजकूर फिरत असतो. सारांश असा: गोष्ट डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) लिहितो, खेळाडू तिच्यात नुसती कामं करतात, डीएमचा शब्द शेवटचा, सेशन फसलं तर खापर त्याच्याच डोक्यावर, डीएम नाही तर खेळच नाही. वर सल्लाही असतो, की आधी शंभर पानांचं जग लिहा, मग खेळ चालवायला बसा. हे वाचून नवी मंडळी डीएम व्हायलाच बिचकतात.

गोष्ट डीएम लिहितो, हा दावा पहिल्याच दिवशी तोंडावर पडला होता. 1969 च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटात डेव्ह वेस्लीने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर नेपोलियनच्या काळातली लढाई मांडली. सैन्यं येण्याआधी गावातल्या एकेका माणसाची भूमिका त्याने खेळाडूंना दिली. झालं! लोक आपापसात कट शिजवू लागले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, आणि लढाई राहिली बाजूलाच. वेस्लीला वाटलं डाव फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक जगात खेळ चालवला आणि 1974 मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग खेळ आणला. म्हणजे खेळाडूंनी संयोजकाचा बेत उधळला, त्यातूनच हा खेळ निघाला.

आजच्या टेबलावरही तेच चालतं. समजा, डीएमच्या वहीत लिहिलंय: गोदामात चोरीचा माल, दाराशी पहारेकरी. मारामारी होणार असं त्याने धरून ठेवलंय. ‘रोग’ (rogue, म्हणजे चोरट्या, चलाख पात्राची भूमिका) खेळणारी म्हणते, “मी त्याला सांगते, तुमचा मुकादम मागच्या गल्लीत बेशुद्ध पडलाय.” डीएम विचारतो, त्याने काय करावं असं तुला वाटतं? “दार सोडून पळावं.” ठीक, डिसेप्शनसाठी (थाप मारायच्या कौशल्यासाठी) फासा टाक, 15 लागतील. फाशावर 11, वर कौशल्याचे 5, एकूण 16. पहारेकरी पळाला. हा मुकादम त्या वाक्याआधी कुठेच नव्हता. आता डीएमला त्याला नाव द्यावं लागणार, आणि पुढच्या आठवड्यात तो चिडून या टोळीला शोधत येणार. सांगा, ही गोष्ट कोणी लिहिली? आणि मारामारी ठरलीच आहे म्हणून डीएमने पहारेकऱ्याला जागचं हलूच दिलं नसतं, तर मग फासे टाकायला तरी कशाला सांगायचं?

शब्द शेवटचा, हे अर्धं खरं आहे. डीएम हा एक प्रकारे पंच, आणि पंचाची ही परंपरा प्रशियाच्या सैन्यातल्या युद्धखेळातून आली. राइसवित्झच्या 1824 च्या नियमांत पंच होताच. 1876 मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वाने नियमांचे तक्ते बाजूला सारून पंचाच्या अकलेवर भिस्त ठेवली. नियमावर वाद झाला, तर निकाल कोणीतरी द्यायला हवाच. पण “तुझ्या पात्राला राजाची दया येते” हे डीएमने सांगायचं नसतं; कोणी मंत्र टाकून मन वळवलं असेल तर गोष्ट वेगळी. ‘ब्लेड्स इन द डार्क’ (2017) या खेळाने ही वाटणी सरळ नियमातच घातली: कोणतं कौशल्य वापरायचं ते खेळाडू ठरवणार, धोका किती आणि परिणाम किती ते जीएम (गेम मास्टर, म्हणजे डीएमचंच दुसरं नाव). ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये (2010) तर खेळ चालवणाऱ्याने काय करायचं याचे त्याच्यासाठीच नियम आहेत, आणि फासे सगळे खेळाडूंच्या हातात.

खापराचं म्हणाल, तर मला इथे जरा राग येतो. महिनोन्‌महिने खेळून स्वतःच्या मंत्राला कोणता फासा लागतो हे माहीत नाही, दुसऱ्याची पाळी आली की डोकं मोबाइलमध्ये, आणि सोबत्यांचंच सोनं चोरून वर “माझं पात्र असंच वागलं असतं” हे ठेवणीतलं उत्तर. अरे, ते पात्र बनवलं कोणी? टोळीबरोबर राहायला त्याला कारण शोधून देणं हे खेळाडूचं काम. जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये खेळाडूंना नेमून दिलेली कामं असत: एकजण डीएमच्या तोंडी वर्णनावरून आलेखाच्या कागदावर नकाशा काढी, दुसरा सगळ्यांचं ऐकून टोळीचा निर्णय जाहीर करी. ‘क्रिटिकल रोल’ हा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळून दाखवणारा कार्यक्रम पाहून मॅथ्यू मर्सरसारखा डीएम हवा म्हणणाऱ्यांनी त्याच्या समोर बसलेले लोक एकमेकांचं कसं ऐकतात तेही बघावं.

डीएमशिवाय खेळ नाही? डंजन्स अँड ड्रॅगन्स नेहमीच्या पद्धतीने खेळायचं तर नाही, कबूल. ‘फिआस्को’त (2009) मात्र जीएम नसतोच, तुमच्या पाळीला प्रसंग तुम्ही मांडलात तर त्याचा शेवट चांगला की वाईट ते इतर ठरवतात, किंवा उलट. ‘आयर्नस्वॉर्न’ (2018) तर एकट्यानेही खेळता येतं.

राहिली ती शंभर पानं. एक गाव आणि एक अडचण लिहा. मग प्रत्येक खेळाडूला विचारा, या गावात तुझ्या पात्राने कोणाचे पैसे बुडवलेत? चौघांची चार उत्तरं आली की पहिल्या सेशनची तयारी झाली.