टायर काय, गोलच असतो!

गाडी घेतली तेव्हा तिचा रंग ठरवायला घरात तीन आठवडे लागले होते. मोतिया की चंदेरी, यावरून दोन नातेवाईक अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. सीट कव्हरची शिवण लाल दोऱ्याची असावी की करड्या, यावर थोरल्या चिरंजीवांनी तक्ता करून दाखवला होता. आता टायर बदलायची वेळ आली आहे आणि त्यासाठी तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत. घाबरू नका. माझं ऐकलंत तर बारा मिनिटांत उरकेल.

मुळात टायर बदलायचेच कशाला, हा प्रश्न आधी स्वतःला मनापासून विचारा. टायरच्या खाचांमध्ये तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि अनेक देशांच्या कायद्यात तिथेच टायरचं आयुष्य संपतं. नव्या टायरला हीच खोली साधारण ८ मिलिमीटर असते. म्हणजे कंपनीने रबरातच खूण घालून ठेवली आहे, यंत्र नको, तज्ज्ञ नको. पण ती बघायला खाली वाकावं लागतं. तेव्हा दुसऱ्या कुणी वाकून सांगेपर्यंत थांबणं उत्तम.

तर कुणीतरी वाकलं आणि तुम्ही दुकानात पोचलात. ब्रँड निवडण्याची माझी कसोटी सोपी आहे: नाव असं हवं की ते आपण जन्मात ऐकलेलं नसावं, पण ऐकल्यासारखं वाटावं. एखाद्या नामांकित नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असेल तर सोन्याहून पिवळं. स्वस्त आहे, काळा आहे, गोल आहे. आणखी काय हवं?

काही चिकित्सक मंडळी इथे आडवी येतील. ती म्हणतील, अनोळखी नावं दोन जातींची असतात. काहींना आईबाप असतात: मिशलँच्या घरात टिगार आणि कोर्मोरान नांदतात, काँटिनेंटलच्या घरात बारूम आणि माटाडोर, गुडइयरच्या घरात डेबिका आणि सावा, हँकूकच्या घरात लाउफेन. थोरल्या घरातली ही धाकटी भावंडं. थोरल्याइतकी लाडकी नसतील, पण घरचं वळण थोडंफार असतंच. उलट काही नावांचा कारखाना, कंपनी, पत्ता यांपैकी काहीच सापडत नाही. उद्या टायरला फुगा आला तर तक्रार कुणाकडे करायची, तेही नाही. आता कुठलं नाव कुठल्या जातीचं, हे शोधायला दोनेक मिनिटं लागतात. पण शोधलं की कळतं, आणि कळलं की निवड करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. स्वस्त टायर घेणाऱ्याने ही भानगड करू नये. खरी गोष्ट सांगतो, हळूच: स्वस्त घेऊनही चांगला टायर मिळतो. पण त्यासाठी वाचावं लागतं, आणि आपली प्रतिज्ञा आहे की टायर हा वाचण्याचा विषय नाही.

खरं तर टायरच्या अंगावर जितकं लिहिलेलं असतं, तितकं लग्नपत्रिकेतही नसतं. उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ ८८एच. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १५ इंची. इथपर्यंत दुकानदार बघतो, कारण माप चुकलं तर टायर चढतच नाही. पुढचं ८८एच मात्र कुणी बघत नाही, कारण ते चुकलं तरी टायर चढतो. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे. ८४ असेल तर ५००. चार टायरांत मिळून फरक २४० किलोंचा, म्हणजे मागच्या सीटवरची तीन माणसं आणि डिकीतल्या बॅगा. तेव्हा कंपनीने ८८ सांगितलेलं असताना ८४ स्वस्तात मिळत असतील तर बिनधास्त घ्या, फक्त मामा-मामींना बसने यायला सांगा. शेवटचा एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची पात्रता. टी असेल तर १९०. ‘आपण कुठे एवढ्या वेगाने जातो!’ हे वाक्य इथे म्हणायचं असतं. गाडीच्या कंपनीने कोणतं अक्षर सांगितलंय, ते विचारायचं नसतं.

जन्मतारीख हा तर नाजूक विषय. टायरवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला जन्म. गंमत अशी की हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला सापडतात. ती बाजू आत घालून टायर बसवला की वयाचा प्रश्न कायमचा मिटला. रबर मांडणीवर नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू कडक होत जातं, आणि काही कंपन्या स्वतःच सांगतात की दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, टायर काढून टाका. पण गवई मुरलेला चालतो, वकील मुरलेला चालतो, मग टायरनेच काय पाप केलंय?

आता अक्षरांबद्दल. युरोपात २०१२पासून टायरवर वीजबचतीच्या लेबलासारखं एक लेबल असतं. २०२१मध्ये ते सुधारलं आणि ए ते ई अशा श्रेणी आल्या: एक श्रेणी इंधनबचतीची, एक ओल्या रस्त्यावरच्या पकडीची. शिवाय आवाजाचाही आकडा असतो, पण तो टायरने बाहेरच्यांना किती त्रास दिला याचा. आत बसलेल्यांनी आपापलं बघावं. तुम्ही अर्थातच इंधनाचं अक्षर बघा, कारण बचत महिन्याअखेर दिसते. ओल्या रस्त्याचं अक्षर क्वचितच उपयोगी पडतं. वर्षातून एखाद्या दुपारी, दीड सेकंदासाठी.

त्या दीड सेकंदाचा हिशेब मी एकदा रिकामपणी मांडून बघितला होता. समजा दोन सारख्याच गाड्या ओल्या रस्त्यावर ताशी ८०ने चालल्या आहेत. दोघींनी एकाच क्षणी, एकाच रेषेवर करकचून ब्रेक लावले. एक ३० मीटरमध्ये थांबली, दुसरीला ३६ लागले. सहा मीटर! एवढं काय? दीड गाडीचं अंतर. मीही तसंच म्हणालो होतो. मग गणित सोडवलं. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबून हुश्श करते आहे, त्या जागेवर दुसरी अजून ताशी ३२ किलोमीटरहून जास्त वेगात आहे. कारण ब्रेक लावल्यावर वेग सुरुवातीच्या मीटरांत रेंगाळत उतरतो आणि शेवटच्या थोड्या मीटरांत झपकन. कागद मी चुरगाळून टाकला. असली गणितं घरात ठेवू नयेत, मुलांच्या हाती लागतात.

त्यात भर म्हणजे एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. चार टायर, चार तळहात. अख्खं कुटुंब, त्याच्या बॅगा, लाल शिवणीची कव्हरं आणि डॅशबोर्डवरचा मोठा स्क्रीन हे सगळं त्या चार तळहातांवर बसून चाललेलं असतं. म्हणूनच स्क्रीन घेताना तडजोड नको म्हणतो मी.

अमेरिकेतल्या पद्धतीचा झिजेचा आकडाही काही टायरांवर दिसेल: ३००, ४००, ५००. प्रमाण टायरला १०० धरून हा किती पट टिकेल, याचा तो अंदाज. तो कंपनीने आपला आपण ठरवायचा असतो, म्हणजे विद्यार्थ्यानेच प्रगतिपुस्तक भरून आणायचं. दोन वेगळ्या घरांतली प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवून तुलना करायला हरकत नाही, करमणूक होते.

चार टायर परवडत नसतील तर दोन घ्या आणि ते पुढे बसवा. जाणकार नेमकं उलटं सांगतात: नवे टायर मागे. पुढची पकड सुटली तर गाडी वळायला नकार देते, पण मागची सुटली तर ती गर्रकन फिरते, आणि फिरणारी गाडी सावरणं फार थोड्यांना जमतं. असेल. पण नवी वस्तू मागे लपवायची म्हणजे काय?

हवेचं एका वाक्यात: चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा सोडून, टायरवर कोरलेला कमाल दाबाचा आकडा असतो तेवढी ठासून भरा.

हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. माझ्या गाडीला गेली दोन वर्षं अशाच निनावी घराण्यातले चार टायर आहेत. दुकानदाराने बसवताना विचारलं होतं, ‘साहेब, हे नक्की ना?’ मी खिशात वाचलेल्या पैशांकडे बघून मान डोलावली. त्या पैशांचे मी गाडीला चांगले स्पीकर बसवले. ते लागलेच असते, कारण पहिल्याच महिन्यात टायर गुणगुणायला लागले, आणि साठच्या पुढे ती गुणगुण राहत नाही, पीठाची गिरणी सुरू होते. एकदा पावसात एका वळणावर गाडीचा मागचा भाग अलगद बाजूला सरकला होता, एखाद्याने गर्दीत वाट द्यावी तसा. तेव्हापासून ओल्या रस्त्यावर मी चाळिशी ओलांडत नाही.

सासूबाई मागे बसून दर पावसाळ्यात म्हणतात, ‘जावईबापू हल्ली किती जपून चालवतात हो!’ असं बायको मला घरी गेल्यावर सांगते. गाडीत मला काही ऐकू येत नाही.