‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ : ग्रुपांवर फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

महिलांच्या सुरक्षिततेबद्दलचा एक लांबलचक मेसेज ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येत असतो. शब्द बदलतात, सार तेच राहतं. त्रास देणाऱ्याकडे दुर्लक्ष करा, तो कंटाळून थांबेल. अंगाला हात लावला नसेल तर तक्रारीत दम नाही. त्याच क्षणी बोलला नाहीत तर नंतर बोलून उपयोग नाही. साक्षीदार नसेल तर तक्रार तुमच्यावरच उलटेल. फोनवर त्रास असेल तर सगळं डिलीट करून ब्लॉक करा. पोलिस हद्दीचं कारण देऊन परत पाठवतात. आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडू नका. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण यातले बहुतेक सल्ले मानणारीचं नुकसान करतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘दुर्लक्ष करा, कंटाळून थांबेल’

रस्त्यात अनोळखी माणूस शेरा मारून निघून गेला, तो पुन्हा भेटण्याची शक्यता नाही, तर मान वळवून पुढे जाणंच शहाणपणाचं. मेसेजमधला एवढा भाग खरा. पण ज्याच्याशी रोज गाठ पडते, म्हणजे सहकारी, शेजारी, क्लासमधला शिक्षक, नेहमीच्या बसमधला प्रवासी, त्याच्या बाबतीत हाच सल्ला अंगाशी येतो. असा माणूस पहिल्या दिवशी मर्यादा ओलांडत नाही, चाचपणी करतो. आधी कपड्यांवर ‘सहज’ शेरा, मग खासगी चौकशी, मग रात्री अकराला मेसेज, मग खांद्यावर हात. प्रत्येक पायरीवर समोरून काही विरोध येतो का ते तो बघत असतो. गप्प बसणं म्हणजे वाट मोकळी, असा सोयीचा अर्थ तो काढतो.

अर्धवट दुर्लक्ष तर त्याहून वाईट. वीस फोन उचलले नाहीत आणि एकविसावा वैतागून उचलला, तर त्याला एवढंच कळतं की एकवीस वेळा केला की फोन उचलला जातो. पुढच्या वेळी तो पंचवीस वेळा करेल. म्हणून नकार एकदाच, स्पष्ट, आणि त्यानंतर काहीच उत्तर नाही, शिवीसुद्धा नाही. नकार देताना कारण जोडायचा मोह टाळा. ‘सध्या कामात आहे’, ‘घरचे रागावतील’, ‘माझं लग्न ठरलंय’ यांतल्या प्रत्येक कारणावर तो तोडगा घेऊन परत येतो. ‘कामाव्यतिरिक्त मला तुमच्याशी बोलायचं नाही. पुन्हा फोन किंवा मेसेज करू नका.’ एवढं पुरे, आणि शक्य तर लेखी, म्हणजे त्यावर तारीख राहते.

या तारखेला कायद्यात वजन आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दाखवूनही पुरुष तिच्या मागे लागतो, वारंवार संपर्क साधतो किंवा तसा प्रयत्न करतो, तो हा गुन्हा. तिच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणंही यात येतं. शिक्षा पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. अनिच्छा वागण्यातूनही दिसू शकते, पण तारखेसह दोन ओळी हातात असल्या की ‘मला काय माहीत’ हा बचाव तिथेच लंगडा पडतो. (समोरचा हिंसक आहे असं वाटत असेल तर मात्र नकार एकटीने, समोरासमोर देऊ नका. आधी कुणाला तरी सांगा.)

दुर्लक्षाचा दुसरा तोटा मुदतीचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तक्रारीला ३ महिने देतो. एकच घटना असेल तर त्या दिवसापासून, मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. वेळेत तक्रार करणं जमलं नाही याची कारणं पटली तर या कायद्याखाली तक्रार ऐकणारी समिती ती लेखी नोंदवून आणखी ३ महिने देऊ शकते. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता हा काळ सरतो. फौजदारी बाजूला मुदत वेगळी. ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला ३ वर्षं, पण अश्लील शेरेबाजीसारख्या, १ वर्षापर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्याला फक्त १ वर्ष.

‘हात लावला नाही, म्हणजे छळ नाही’

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अपॅरल एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल विरुद्ध ए. के. चोप्रा या खटल्यात हा मुद्दा निकालात काढला. प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही म्हणून लैंगिक छळ झाला नाही, असं म्हणता येत नाही. पॉश कायद्याच्या व्याख्येत स्पर्श आणि लगट आहे, शरीरसुखाची मागणी आहे, लैंगिक रोखाची बोलणी आहेत, अश्लील चित्रं दाखवणं आहे आणि शेवटी ‘शब्दांतून किंवा शब्दांवाचून केलेलं कोणतंही नकोसं लैंगिक वर्तन’ आहे. याला जोडून बढतीचं आमिष, नोकरी जाण्याची धमकी, काम करणं नको होईल असं वातावरण, हेही धरलेलं आहे.

व्याख्येतला कळीचा शब्द ‘नकोसं’. त्याला काय म्हणायचं होतं यावर ते ठरत नाही. ‘मी तर गंमत केली’ हे उत्तर म्हणून अपुरं आहे. शंका असेल तर एक साधी कसोटी लावून बघावी. हेच वाक्य, याच सुरात, तो आपल्या साहेबांसमोर किंवा तुमच्या घरच्यांसमोर म्हणेल का? ज्या विनोदासाठी आधी दार लोटून घ्यावं लागतं तो विनोद कसला, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं.

गर्दीतल्या स्पर्शाची परीक्षा वेगळी. बसमध्ये धक्का लागतोच. आपण वीतभर सरका किंवा पिशवी मधे घ्या. गर्दीचा धक्का तिथेच राहतो, मुद्दामचा हात सरकून मागे येतो. मग ‘काय चाललंय?’ असं मोघम ओरडू नका, कारण आजूबाजूच्यांना कोण, काय ते कळत नाही. ‘निळा शर्टवाले, हात मागे घ्या’ असं, कपड्याच्या रंगासकट, मोठ्याने आणि ‘अहोजाहो’ करून. एकेरीवर आलं की बघणाऱ्यांना ते दोघांमधलं भांडण वाटतं. ‘अहो’ ऐकलं की हा अनोळखी माणूस आहे हे सगळ्यांना समजतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. फाइल उशिरा दिली म्हणून सगळ्यांसमोर ओरडणारा साहेब पॉश कायद्यात बसत नाही, कितीही घालून पाडून बोलला तरी. तोही छळ असू शकतो, पण त्याची वाट कंपनीच्या सेवानियमांतून जाते. पुरुषाला होणाऱ्या त्रासाचंही तेच. पॉशखाली तक्रारदार स्त्रीच असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती मात्र स्त्री किंवा पुरुष, कुणीही असू शकते.

‘तेव्हाच का नाही बोलली?’

कारण शरीर गोठतं. धोक्यापुढे माणूस लढतो, पळतो किंवा जागच्या जागी थिजतो, आणि यातलं काय होईल ते ठरवून होत नाही. अनेकजणी कसंनुसं हसतात, विषय बदलतात, चहाला म्हणून उठून जातात. त्या क्षणी सुटका करून घ्यायची तीच रीत असते, होकार नव्हे. उशिरा बोलल्याने तक्रार खोटी ठरत नाही. घट्ट व्हावा लागतो तो तपशील.

‘साक्षीदार नाही? तक्रार तुमच्यावरच उलटेल’

सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य हेच, आणि ते साफ चुकीचं आहे. पॉश कायद्याचं कलम १४ खोट्या तक्रारीवर कारवाईची सोय ठेवतं, पण त्याच कलमात असंही आहे की केवळ आरोप सिद्ध करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून कारवाई होत नाही. तक्रार दुष्ट हेतूने केली होती हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. ‘सिद्ध झाली नाही’ आणि ‘खोटी होती’ यांतलं अंतर मेसेज लिहिणाऱ्याने गिळलं आहे.

समितीपुढे फौजदारी खटल्यासारखा ‘संशयाला जागाच नको’ असा पुरावा लागत नाही. दोन बाजूंपैकी कोणती घडलेली असण्याची शक्यता अधिक, हे बघितलं जातं. छळ चार भिंतींत होतो, तेव्हा प्रत्यक्ष बघणारा नसणं हेच नेहमीचं. म्हणून आजूबाजूचा पुरावा मोलाचा: त्याच संध्याकाळी मैत्रिणीला केलेला मेसेज, बदलून घेतलेली शिफ्ट, अचानक घेतलेल्या रजा, नकारानंतर खालावलेला कामाचा शेरा.

तक्रारी फसतात त्या बहुतेक वेळा मोघमपणामुळे. ‘साहेब माझ्याशी असभ्य बोलतात’ या वाक्याचं समिती काहीच करू शकत नाही. तारीख, वेळ, जागा, तिथे कोण होतं, तो नेमका काय म्हणाला, तुम्ही काय केलंत, हे लिहा. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, कितीही घाण वाटले तरी. लाजेपोटी ‘अश्लील बोलले’ असं लिहिलं की तक्रारीचा कणाच जातो. नोंद रोजच्या रोज ठेवावी. महिन्यांनंतर एका बैठकीत लिहून काढलेल्या यादीत तारखा चुकतात, आणि उलटतपासणीत बोट त्याच चुकीवर येतं. नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या ईमेलवर ठेवू नका, कारण ते दोन्ही एका दिवसात बंद होऊ शकतात.

लेखी तक्रारीच्या ६ प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते, असं नियम सांगतात. तक्रार दिल्याची पोच घ्या. लिहिणं जमत नसेल तर मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. १० किंवा अधिक लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. १० पेक्षा कमी लोक असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकामगार बायकांनाही हाच रस्ता. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, अहवाल त्यानंतर १० दिवसांत आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत. दरम्यान रोज त्याचं तोंड बघायला लागू नये म्हणून बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. न मागता ती कुणी देत नाही. वकील मात्र दोन्ही बाजूंना नेता येत नाही.

‘जाऊ दे, मिटवून टाका’ असं समिती स्वतःहून म्हणू शकत नाही. समेट तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर तर नाहीच. तुमच्या बाजूनेही एक पथ्य: प्रकरण ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. नावं आणि तपशील गुप्त ठेवणं कलम १६ मध्ये आहे, आणि विरुद्ध बाजू त्या एका पोस्टवर सगळा रोख वळवते.

‘सगळं डिलीट करा, ब्लॉक करा’

ब्लॉक जरूर करा, पण पुरावा जपून झाल्यावर. नुसत्या स्क्रीनशॉटची पंचाईत अशी की त्यात सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही, आणि ‘हे नाव कुणीही कुणालाही देऊ शकतं’ असा आक्षेप येतो. त्यामुळे आधी प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा आणि तसंच चॅटमध्ये सरकत जा, तारखा दिसू द्या. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का ते बघा. कॉल लॉगचा फोटो लगेच काढा, जुन्या नोंदी फोनमधून जातात. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्या वेळी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. ब्लॉक असताना त्याने पाठवलेले मेसेज नंतर ब्लॉक काढूनही मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवून वेळ निवडा. फोटो बदलून पसरवण्याचा किंवा पैसे उकळण्याचा प्रकार असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० किंवा सायबर क्राइम पोर्टल, आणि तिथे मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

‘पोलिस हद्दीवरून परत पाठवतात’

पाठवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तसा नियम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलिस स्वतःहून करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्द नसेल तर झीरो एफआयआर, म्हणजे गुन्हा तिथेच नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. ऑनलाइन खबर दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते. प्रत फुकट मिळते. लैंगिक गुन्ह्यांची खबर स्त्रीने दिली तर ती स्त्री अधिकाऱ्याने नोंदवायची.

ठाण्यात जास्त वेळा होतं ते वेगळंच. ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो’ असं सांगून कागद हातात देतात आणि आपल्याला वाटतं गुन्हा नोंदवला. न्याय संहितेतली कलम ७५ (लैंगिक छळ), ७८ (पाठलाग), ७९ (विनयभंगाच्या हेतूने शब्द किंवा हावभाव) हे तिन्ही दखलपात्र आहेत, तिथे एनसी चालत नाही. कागदावर ‘अदखलपात्र’ लिहिलंय का ते ठाण्यातच वाचा. ‘आधी चौकशी करू’ म्हणाले तर काही गुन्ह्यांसाठी तशी सोय आहे, पण उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. तरीही नाकारलं तर तक्रारीचा मजकूर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती फेकू नका, ती या अर्जाला जोडावी लागते.

‘दुसऱ्याच्या भानगडीत पडू नका’

मधे पडणं म्हणजे त्याची कॉलर धरणं, असा समज या सल्ल्यामागे आहे. बरेचदा त्याच्याशी बोलायचीही गरज नसते. तिच्याशी बोला: ‘अगं, इथे उतरायचं ना आपल्याला?’, ‘ताई, किती वाजले?’ संभाषण तुटलं की त्याचा जोर ओसरतो आणि तिला सरकायला जागा मिळते. कंडक्टरला किंवा सुरक्षारक्षकाला बोलवा. गर्दीला उद्देशून ‘कुणीतरी काहीतरी करा’ म्हटलं की प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघतो. त्याऐवजी एकाकडे बोट दाखवून ‘तुम्ही ११२ ला फोन लावा’ असं सांगा. व्हिडिओ काढलात तर तो तिला द्या, पुढे पाठवायचा की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. नंतर दोन मिनिटं थांबून ‘कुठपर्यंत सोबत येऊ?’ विचारा आणि तिची हरकत नसेल तर तुमचा नंबर द्या. साक्षीदाराची नावं-पत्ते लिहायची वेळ येते तेव्हा तिथे कोण होतं हे तिला आठवत असतं, फक्त त्यांना गाठायचं कसं ते माहीत नसतं.