'भीती विकता' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. डोंगलच्या, म्हणजे सिम घालून वाय-फाय देणाऱ्या छोट्या यंत्राच्या, सुरक्षिततेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आठ आकडी पासवर्ड असला की झालं. दुकान चालावं म्हणून भीती विकू नका." मत वेगळं असू द्या हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? समोर बसून असं बोलला असतात?

एक चूक मान्य. डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत, आली २०१८ साली, मी २०१७ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता तुमचे आठ आकडे. त्यांचे पासवर्ड होतात दहा कोटी. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण डब्ल्यूपीए२वर, म्हणजे त्याआधीच्या पद्धतीवर, तुमचा फोन डोंगलला जोडला जातो त्या क्षणाची देवघेव शेजारच्या टेबलावरचा माणूस पकडून ठेवू शकतो आणि घरी जाऊन निवांत पासवर्ड जुळवत बसू शकतो. डोंगलला पत्ताही लागत नाही. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला दहा कोटी म्हणजे काही मिनिटांचं काम. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी आयफोनचा हॉटस्पॉट स्वतःहून सुचवायचा तो पासवर्ड तपासला. १,८४२ शब्दांतला एक शब्द, पुढे चार आकडे. पन्नास सेकंदांच्या आत फुटला. त्यात निदान अक्षरं तरी होती!

आणि मी ऐकीव लिहीत नाही. २००९ पासून संगणक दुरुस्ती करतोय. एक क्लासवाले सर डोंगल घेऊन आले, "डेटा दुपारीच संपतो" म्हणून. झाकण काढलं, बॅटरी उचलली, खाली स्टिकर. वाय-फायचा पासवर्ड अजून त्यावर छापलेलाच. ब्राउझरमध्ये डोंगलच्या सेटिंग्जच्या पानाचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकला, नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन', की आत. आदल्या दिवशी जोडलेल्या नऊ फोनांची यादी, त्यातले सरांचे दोनच. त्याच पानावर सिमला आलेले मेसेजही दिसतात. सरांनी जुना नंबर डोंगलमध्ये घातला होता आणि बँकेला तोच दिलेला. ओटीपी ओळीने समोर. सर किती तरी वेळ काही बोललेच नाहीत.

तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे पान तुम्हालाही दिसलं असतं, त्याचं चित्रच दिलंय तिथे. आणि दुकानाचं म्हणाल, तर पासवर्ड बदलून द्यायचा एक रुपयाही मी आजवर कुणाकडून घेतलेला नाही. ते वाक्य तेवढं मागे घ्या.