पन्हळ कोण साफ करणार?

जुनी इमारत पडली की आपण सगळे हळहळतो, जुने फोटो शोधून टाकतो. मीही टाकलेत. पण हातोडा हा शेवटचा घाव असतो. त्याआधी वर्षानुवर्षं छपराची पन्हळ तुंबलेली असते. पाणी भिंतीत मुरतं, तुळईचं भिंतीत बसलेलं टोक कुजतं आणि मग एक दिवस 'धोकादायक' अशी पाटी लागते. त्या पाटीनंतर जागे होणाऱ्यांना मी वारसाप्रेमी म्हणत नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली जे चालतं ते तर आणखी भयंकर. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आतच कोंडते, मग विटा आणि दगडांतून वाट काढते. क्षार फुगतात, पापुद्रे सुटतात. वरून मात्र सगळं गुळगुळीत, रंगवलेलं! लंडनमध्ये 1877 साली कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हाही आग्रह हाच होता: नव्यासारखं करू नका, रोजची निगा राखा.

न्यूयॉर्कचं पेन स्टेशन हे भव्य जुनं रेल्वे स्टेशन 1963 मध्ये पाडायला घेतलं, 1965 मध्ये वारसा जपणारा कायदा आला. आधी गमावायचं, मग कायदा करायचा. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर उभारायला शहराने परवानगी नाकारली म्हणून मालक कोर्टात गेले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. पण मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो: न वापरलेला बांधकामाचा हक्क मालकांना जवळच्या दुसऱ्या भूखंडावर नेता येत होता. म्हणजे नुसतं 'पाडू नका' असं नव्हतं, थोडी भरपाईही होती.

आपण इथेच कच खातो. वारसा वास्तूंच्या यादीत नाव घालायचं, खिळा ठोकायलाही परवानगी मागायला लावायची आणि खर्च मालकाने करायचा. गळक्या खोलीत राहणाऱ्याला कोरीव कठड्याचं कौतुक कसं असेल? त्याला 'बिल्डरला विकला गेला' म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

वापर बदलला तरी चालेल. पॅरिसचं ऑर्से स्टेशन लांब गाड्यांना अपुरं पडलं, पाडायचंही घाटत होतं. 1986 पासून तिथे संग्रहालय आहे. फक्त दर्शनी भिंत ठेवून मागे काचेचा टॉवर उभारला आणि त्याला 'जतन' म्हटलं, तर मात्र मी भांडणार. कातडं टांगून ठेवलं म्हणजे वाघ वाचला, असं होत नाही.